वैनीचा राजीनामा

हल्ली आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "आंटी, कॉर्पोरेशनचं इलेक्शन कधी आहे हो?" मी महादेवपुऱ्याला मुलाकडे राहते. इथली पोरं पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली. त्यांना वाटतं, ही बंगळूरची जुनी बाई, हिला माहीत असणार. शहराला मेयर नाही, वॉर्डाला कॉर्पोरेटर नाही, अशी कितीतरी वर्षं गेली. कचऱ्याची गाडी आली नाही की ह्यांना लोकशाही आठवते. मी म्हणते, "नको रे बाबांनो ते इलेक्शन. कचरा मी उचलते हवं तर." ती हसतात. हसू देत. एका पोटनिवडणुकीने आमच्या घराचं काय केलं ते त्यांना काय ठाऊक!

आमचं माहेर चिकपेटेतलं. खाली साड्यांचं घाऊक दुकान, वर घर. पूर्वज कुठल्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले, एवढंच आम्हाला माहीत. घरात मराठी बोलायची आणि जिना उतरला की कन्नड. तिघा भावंडांत मी थोरली. माझ्या पाठचा भाऊ आमच्या वॉर्डाचा कॉर्पोरेटर होता. सगळी पेट त्याला अण्णा म्हणायची, म्हणून मोठी असून मीसुद्धा अण्णाच म्हणायला लागले. धाकटा दुकान बघायचा, अजूनही तोच बघतो.

अण्णा चांगला होता का? होता बाई. संत-बिंत नव्हता, कंत्राटदारांशी गोड बोलायचा, लग्नमुंजीत फुकट मिरवायचा. पण कुणाच्या घरात गटाराचं पाणी शिरलं की लुंगी खोचून स्वतः जायचा. तसाच एकदा गेला, मॅनहोलपाशी उभा राहून माणसांवर ओरडत होता, आणि ओरडता ओरडता छाती धरून फुटपाथवर बसला. तो उठलाच नाही. दवाखान्यात नेलं ते आपलं नेलं म्हणायला.

त्याची बायको, माझी वैनी, सरकारी कन्नड शाळेत पहिलीला शिकवायची. शाळा घरापासून पाच-सात गल्ल्या पलीकडे. हमालांची, फुलवाल्यांची, बिहारहून आलेल्या शिंप्यांची मुलं. वैनीला स्वतःला मूल झालं नाही. पहिली काही वर्षं आमच्या आईने तिला नको नको ते ऐकवलं. मग एकदा कुणी पाहुणीने चारचौघांत विचारलं, तेव्हा वैनी म्हणाली, "मला दरवर्षी चाळीस होतात. तुम्हाला किती झाली?" त्यानंतर आमच्या आईने तो विषय काढला नाही.

अण्णाचं तेरावं झालं आणि वैनी शाळेत हजर झाली. बायकांनी तोंडं वाकडी केलीच. नवऱ्याची राख अजून गरम आहे आणि ही पर्स लटकावून चालली! मीसुद्धा जरा चिडून तिला म्हटलं, "अगं, थोडे दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"अक्का," ती म्हणाली, "घरात बसले ना, तर वेड लागेल मला. तिथे सगळी एकदम मिस्स, मिस्स करून जीव खातात. तेवढा वेळ मला काही म्हणजे काही आठवत नाही. ती शाळा आहे म्हणून मी आहे बघा."

शाळेवरून मी तिला पुन्हा कधी काही बोलले नाही.

मग पोटनिवडणुकीची कुणकुण लागली. आमच्याकडे मेयरला लोक थेट निवडत नाहीत. कॉर्पोरेटर मिळून निवडतात, तेही एका वर्षापुरतं. त्या वर्षी दोन्ही बाजू अगदी घासून होत्या. मेयरची निवड तोंडावर आलेली, एकेका मताला सोन्याचा भाव, आणि त्यात अण्णाची खुर्ची रिकामी. मेल्या माणसाच्या खुर्चीभोवती किती जण घिरट्या घालतात ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पक्षाची माणसं घरी येऊन चहा प्यायची, अण्णाच्या फोटोला हात जोडायची आणि जोडलेले हात खाली यायच्या आत विचारायची, "मग घरातून कोण?"

धाकट्याला स्वतःला उभं राहायचं होतं. पण त्याला कोण ओळखतो? पक्षाला हवी होती वैनी. अण्णाची विधवा, तीही शाळेतली मास्तरीण, गल्लीगल्लीत जिची मुलं. लोक डोळे मिटून मत देतील. धाकट्याने हिशेब केला की नावाला वैनी, कारभार आपल्याकडे. तसं तो बोलला नाही, पण मी त्याला लंगोटात असल्यापासून ओळखते.

वैनीने सरळ नाही म्हटलं. "मला ते जमत नाही. मला शाळा आहे."

आणि अडचण तिथेच होती. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी तर तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, आणि एवढा वेळ कुठे होता? राहिला राजीनामा. राजीनामा म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीवर पाणी, आणि एकदा मंजूर झाला की परतीची वाट बंद. हे सगळं माहीत असून धाकटा रोज रात्री जेवताना तिच्यामागे लागायचा. वैनी, अण्णाचं नाव पुसलं जाईल. वैनी, परके येऊन बसतील त्याच्या खुर्चीत. अण्णाचं नाव काढलं की तिचा घास तोंडात फिरायचा, आणि हे त्याला बरोबर कळत होतं.

शेवटी त्याने काकांना आणलं. काका म्हणजे आमच्या समाजाचे अध्यक्ष. नात्याने लांबचेच, पण पेटेतल्या प्रत्येक मराठी घरात त्यांना काका म्हणतात. पांढरं धोतर, मृदू बोलणं, कुणाच्या वाटण्या असोत, कुणाचा काडीमोड असो, काका मध्ये बसल्याशिवाय निभत नाही. पक्षात त्यांचं वजन होतं. अण्णाला पहिलं तिकीट त्यांनीच मिळवून दिलं होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तिकीट तुझंच. वरपर्यंत बोलणं झालंय माझं. तू फक्त मोकळी हो."

वैनीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "काका, तुम्ही देवीपुढे बेलभंडारा उचला. मग देते राजीनामा."

आता हे बाहेरच्यांना सांगितलं तर हसतील. पण आमच्यात हीच रीत. बेलाचं पान आणि देवीच्या हळदीचा भंडारा हातात घेऊन माणूस जे बोलला ते बोलला. आमच्या वडिलांची आणि चुलत्यांची दुकानाची वाटणी अशीच झाली, एक कागद केला नाही. भिंत कुणाची, नळ कुणाचा, सगळं भंडाऱ्यावर. आणि माझ्या उभ्या आयुष्यात कुणी तो मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. ज्याला खोटं बोलायचं असेल तो भंडारा उचलायलाच जात नसे, काहीतरी निमित्त काढून टाळायचा. त्यामुळे काका "चला" म्हणून लगेच उठले, तेव्हाच सगळं ठरल्यासारखं झालं.

मी एवढंच म्हटलं, "काका, पक्षाकडून चार ओळी लिहून पण घ्या की." धाकटा माझ्यावर खेकसलाच. "अक्का, देवीपुढं उचलणार आहेत ते! वर लिहून मागतेस? लाज कशी वाटत नाही तुला?" काका नुसते हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेले.

भवानीच्या देवळात आम्ही सगळे उभे होतो. पुजाऱ्याने काकांच्या हातावर बेल ठेवला, वर चिमूटभर भंडारा टाकला. काका मोठ्याने म्हणाले, "ह्या वॉर्डाचं तिकीट अण्णाच्या घरात, ह्या सूनबाईला. मी जबाबदार." आवाज कुठे कापला नाही, डोळा कुठे हलला नाही. वैनीने तिथेच वाकून त्यांना नमस्कार केला. मलासुद्धा वाटलं, झालं, आता काळजी नाही.

तिने राजीनामा दिला. एरवी त्या खात्यात साध्या रजेचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो, पण काकांनी फोन फिरवले आणि आठवड्याच्या आत मंजूर होऊन हातात आला. शाळेतल्या शेवटच्या दिवशी मी गेले होते तिच्याबरोबर. मुलांना तिने सांगितलंच नाही. पाटीवर अक्षर गिरवून घेत बसली, घंटा झाली, मुलं "मिस्स, टाटा" करत पळाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, मेयर होऊन या, शाळेला नवं छप्पर घालून द्या." वैनी हसली. खरंच हसली ती. मला वाटलं, जमेल हिला. कदाचित बरंही वाटेल.

पुढच्या शुक्रवारी यादी जाहीर होणार होती. वैनी सकाळी देवीला गेली. पाहते तर काय, देवीच्या अंगावर नवीकोरी हिरवी इरकल, कपाळावर चांदीची नवी चंद्रकोर, गाभारा फुलांनी भरलेला. सणवार तर काही नव्हता. तिने पुजाऱ्याला सहज विचारलं. तो बिचारा काय जाणे, म्हणाला, "काकांच्या घरनं आलं. पहाटे अभिषेक करून गेले. क्षमेचा अभिषेक."

क्षमेचा अभिषेक आमच्यात एकाच कारणासाठी करतात. देवीपुढे दिलेला शब्द मोडायचा असला की.

वैनी देवळातून आली आणि जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच बसली. मी नेमकी त्या दिवशी माहेरी आले होते. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन धावले. ती म्हणाली, "अक्का, तिकीट गेलं." मी म्हटलं, "डोंबल गेलं! अजून यादी कुठे आलीय?" तिने चांदीच्या चंद्रकोरीचं सांगितलं. माझ्या हातातलं भांडं मी तिथेच ठेवलं.

यादी दुपारी आली. तिकीट काकांच्या सुनेला.

काका संध्याकाळी स्वतः आले, एवढं मानावं लागेल. की तोही निर्लज्जपणाच? म्हणाले, "उचलला तेव्हा मनात तेच होतं, देवीशप्पथ. पण वरून आलं. मेयरचं गणित आहे, खर्च करणारा उमेदवार पाहिजे म्हणाले. समाजाचं तिकीट समाजात राहिलं, एवढं तरी बघ." मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काकांना अरे-तुरे केलं. म्हटलं, "देवीला साडी नेसवून सुटलास, हिला काय नेसवणार आहेस?" धाकटा मध्ये पडून मलाच गप्प करत होता. कारण त्याची निम्मी गिऱ्हाईकं काकांच्या शब्दातली.

"अपक्ष उभी राहा," मी वैनीला म्हटलं. "मी फिरते तुझ्याबरोबर दारोदार."

"मला उभं राहायचं होतं कधी, अक्का?" ती म्हणाली. "मला माझी शाळा द्या परत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. बाकावर बसवून ठेवलं, मग आत बोलावलं. अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. वैनीने सगळं सांगितलं, हातपाय जोडायचे तेवढे जोडले. तो ऐकत होता, पेनाचं टोपण काढत होता, घालत होता. शेवटी म्हणाला, "आयतु अम्मा, मुगीतु." झालं, संपलं. मंजूर झालेला राजीनामा परत देण्याचा अधिकार त्याला नव्हता. वर अर्ज करा म्हणाला. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नसावं. वैनीने वर अर्ज केला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

इतकं पुरे झालं असतं. पण नाही. प्रचार सुरू झाला आणि काकांच्या माणसांच्या लक्षात आलं की लोक विचारतायत, अण्णाच्या बायकोला का नाही दिलं? मग पुन्हा आमच्या जिन्यावर चपला. वैनीने नुसतं उघड्या जीपमध्ये बसायचं, मांडीवर अण्णाचा फोटो घेऊन, काकांच्या सुनेशेजारी. बोलायचं काही नाही. धाकट्याने पाय धरले. "वैनी, दुकान बसेल माझं. पोरं आहेत मला."

मी म्हटलं, "खबरदार गेलीस तर!"

वैनी गेली. मी तिच्यावर इतकी संतापले की चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी राहवेना, विचारलं, "का गेलीस गं? एवढं सगळं होऊन?"

"ते फोटो तर नेणारच होते, अक्का. भाऊजींनी काढूनच दिला होता भिंतीवरचा. ह्यांना एकट्याला कसं पाठवू त्या माणसांबरोबर?"

मी तिच्यासाठी कॉफी केली.

एकदा मीही ती जीप पाहिली, चिकपेटेच्या चौकात. ढोल, फटाके, कन्नडमधून घोषणा. काकांची सून नवी गुलाबी साडी नेसून दोन्ही हात जोडत होती. शेजारी वैनी, फोटो छातीशी धरून. ती एरवी बारीक काळी टिकली लावायची, अण्णाच्या मागेही लावायची. अण्णालाच तिचं कपाळ मोकळं आवडायचं नाही. त्या दिवशी टिकली नव्हती. प्रचार सांभाळणाऱ्या एका पोरगेल्याशा माणसाने सांगितलं होतं, अम्मा, स्वल्प, जरा ते पुसा, लोकांना दिसायला पाहिजे. आणि हिने पदराने पुसली. रस्त्याच्या कडेला शाळेतली दोन मुलं उभी होती, ती "मिस्स! मिस्स!" करून उड्या मारायला लागली. वैनीला हात हलवता येईना, कारण दोन्ही हातांत फोटो. मी गर्दीत उभी राहून रडले. संतापानेच रडले, दुसरं काय!

काकांची सून निवडून आली. म्हणे विक्रमी मतं. तिचं मत धरून त्यांच्या पक्षाचा मेयरही झाला. त्याचं नावसुद्धा मला आता आठवत नाही.

निकालाच्या दिवशी मिरवणूक आमच्या दाराशी थांबली. काका आणि त्यांची सून वर आले, मागे पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या अंगावर गुलाल. पोरगी तशी साधी, वैनीच्या पाया पडली. काकांनी वैनीच्या हातावर पेढा ठेवला. म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हो सूनबाई. तुझे उपकार समाज विसरणार नाही. काही लागलं तर हक्काने सांग."

वैनी त्या पेढ्याकडे बघत होती. मला वाटलं, नेहमीसारखी मान हलवेल आणि आत जाईल. पण ती म्हणाली, अगदी शांतपणे, "एकच सांगा, काका. सोमवारी सकाळी मी कुठे जाऊ?"

काकांना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"सोमवारी सकाळी. इतकी वर्षं मी साडेआठला घरातून निघते. ह्या सोमवारी निघून कुठे जाऊ? तुम्ही सांगाल तिथे जाते."

खाली ढोल वाजतच होता. काका धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "देवी बघेल सगळं." वैनीने पेढा टेबलावर ठेवला. म्हणाली, "देवीचं आणि तुमचं मिटलंय, काका. मी तुम्हाला विचारतेय." काकांनी धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने खिडकीकडे. मग कुणीतरी "उशीर होतोय, उशीर होतोय" म्हणालं आणि सगळे जिना उतरून गेले.

मी मुद्दाम राहिले. रविवारी रात्री वैनीने साडीला इस्त्री केली. सोमवारी मी उठले तेव्हा ती न्हाऊन तयार होती. कांदेपोहे करून तिने डब्यात भरले, डबा पर्समध्ये ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. खाली दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला, रस्त्यावर हातगाड्या सुरू झाल्या. मग ती परत फिरली, स्वयंपाकघरात आली, डबा उघडला आणि ओट्यापाशी उभ्यानेच सगळे पोहे खाऊन टाकले.